मासीला गाडी लागते

२०१६च्या फेब्रुवारीत मी माझ्या सासऱ्यांच्या एकोणसाठ सालच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा गॅसकटरने दीड-दीड वेढा कापून घेतल्या आणि मागच्या चाकांवरच्या कमानदार स्प्रिंगपाट्यांमधला एकेक पाटा काढून टाकला.

कारण म्हणावं असं काही नव्हतं. मोबाइलवर कुणीतरी एका जुन्या गाडीचा फोटो टाकला होता. ती गाडी उन्हात पोट टेकून बसलेल्या मांजरीसारखी दिसत होती. आपलीही अशीच बसकी दिसावी असं मला वाटलं. 'आपली' हाही तसा माझाच शब्द. गाडी नानांची, म्हणजे सासऱ्यांची. घर नानांचं, घोलवडची चिकूची वाडी नानांची. मी मुंबईतली नोकरी सोडून वाडी सांभाळायला आलेला जावई. नाना पाठीच्या मणक्याच्या ऑपरेशनला सुरतेला मोठ्या मुलीकडे गेले तेव्हा माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाले होते, "आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून ठेवा. बाकी काही करू नका."

मी बाकी सगळं केलं.

कापायचं काम डहाणूतल्या एका ग्रिलवाल्याने केलं. तो बिचारा म्हणत होता, "साहेब, मी खिडक्यांची ग्रिलं बनवतो." मी म्हटलं, लोखंड ते लोखंड. गाडी खाली बसली, दिसायला झकास दिसली, मी चार बाजूंनी फोटो काढले आणि घरी निघालो. पहिल्या खड्ड्यात माझ्या दाढेतलं चांदीचं भरण निखळून जिभेवर आलं. घोलवड येईपर्यंत पाठीचे सगळे मणके मोजून झाले होते.

त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. आवाजात उत्साह. "चैत्रात महालक्ष्मीला जायचंच. डॉक्टर म्हणाला गाडीत बसा, पण दणका बसता कामा नये, टाके आतून कच्चे आहेत. मी म्हटलं, आमची गाडी म्हणजे पाळणा आहे."

नाना आणि सासूबाई लग्नाच्या वर्षापासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला जात, आणि ही गाडी आल्यापासून ह्याच गाडीतून. सासूबाई गेल्यानंतरचं हे पहिलं वर्ष. दुसऱ्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. पाळणा दारात उभा होता, आणि त्याच्यात बसून निरोगी माणसाची दाढ पडत होती.

तीन मेकॅनिकांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि तीन वेगवेगळ्या पद्धतींनी नाही म्हटलं. शेवटी आमचे चिकू नेणारा ट्रकवाला म्हणाला, "अच्छाडला मासीकडे न्या. पाट्यांचं काम तिच्याइतकं कुणाला येत नाही. फक्त ती काही विचारेल ते खरं सांगा."

ह्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

अच्छाडला चेकपोस्टच्या अलीकडे ट्रकांची रांग लागते. त्या रांगेच्या बाजूला, दोन ढाब्यांच्या मधे, पत्र्याखाली एक भट्टी होती. मी एखाद्या दांडग्या बाईची कल्पना करून गेलो होतो. समोर साठीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई. साडीवर पुरुषी फुलशर्ट, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावी मनगटाशी बटण लावून बंद. तिच्यासमोर तिचा नवरा, जीवाकाका, घण घेऊन उभे. हा उंचापुरा, खांबासारखा माणूस. तिच्या हातात एक लहानशी हातोडी. लाल झालेल्या पाट्यावर ती जिथे टिक करी तिथे काकांचा घण पडे. हलकी टिक, हलका घाव. दोनदा टिक, जोराचा घाव. हातोडी आडवी ठेवली की घण थांबे. दोघं एक शब्द बोलत नव्हते. मी अर्धा तास तोंड उघडं टाकून उभा होतो. लग्नाला एकवीस वर्षं होऊनही माझ्या बायकोच्या एकाही खुणेचा मला असा अर्थ लागलेला नव्हता.

पाटा तेलात विझवून झाल्यावर ती माझ्याकडे आली. आधी माझ्या गालाकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"दाढेतलं भरण पडलं?"

मी हो म्हटलं.

तिने बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून दाब दिला आणि सोडला. गाडी हलली नाही. आतून नुसता 'ठक' असा आवाज आला. मग ती चाकाशी उकिडवी बसली, आत हात घातला, आणि स्प्रिंगेच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"कोणी कापली?"

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? ती परकी बाई, मी परकं गिऱ्हाईक. पण मागे चार ट्रकवाले उभे होते, आणि माझी जीभ त्या दाढेतल्या भोकात गेली होती.

"सासऱ्यांनी," मी म्हटलं. "गाडी त्यांची आहे."

"म्हणजे तू जमाई."

"हो."

"सासरा किती वर्षांचा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"ह्या वयात हौस आली त्यांना," मासी म्हणाली. त्या दिवसापासून मी जमाई झालो. माझं नाव तिने कधी विचारलं नाही.

ती मूळची उधव्याकडची, भात-नागली करणाऱ्या घरातली. लग्न होऊन लोहाराच्या घरात आली तेव्हा तिला घण उचलायला सांगितलं गेलं. तो तिला झेपेना. मग सासऱ्याने हातोडी तिच्या हातात दिली आणि घण मुलाच्या, आणि तीन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की सून लोखंडाचा रंग आपल्यापेक्षा नीट ओळखते. हे सगळं मला ढाब्यावरच्या ड्रायव्हरांनी सांगितलं. मासी स्वतःबद्दल बोलत नसे. ती लोखंडाबद्दल बोले, आणि चहा बशीत ओतून उभ्यानेच पिई.

भट्टीच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना लोकांनी वाट लावलेल्या वस्तू टांगलेल्या होत्या. मोडके पाटे, वेल्डिंग करून पुन्हा तुटलेले पाटे, तारेने बांधलेला एक शॉकअप. प्रत्येकाखाली खडूने नाव आणि गाव. 'इकबाल, भिलाड'. 'मोठा पटेल, सरीगाम'. कुणी नवा ड्रायव्हर अतिशहाणपणा करायला लागला की ती नुसती त्या भिंतीकडे हनुवटी करी. माझ्या स्प्रिंगा निघाल्यावर तिने त्या तिथेच टांगल्या आणि खाली लिहिलं, 'घोलवड'. मी सुटकेचा श्वास टाकला. नाव लिहायचं ती विसरली असावी असं मी धरून चाललो.

"ह्या पुन्हा लावता नाही येणार?"

"गॅसने कापलं की टोकाचं पाणी उतरतं. ते गेलं की स्प्रिंग नाही, नुसता गज. सासऱ्याला सांग."

"सांगतो," मी म्हटलं. "मणक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, दोन महिने सुरतेलाच आहेत."

वापीच्या भंगारातून तिने दुसऱ्या एका जुन्या गाडीच्या स्प्रिंगा आणवल्या. मग मला म्हणाली, "सासरा घरात कुठल्या खुर्चीवरून आपला आपण उठतो?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ऑपरेशन झालंय ना? मग उंच सीटवर चढताना पाय उचलावा लागेल, खोल सीटवरून उठताना पाठ वाकवावी लागेल. मधली उंची कुठली, ते तो रोज करत असेल. विचार."

माझी बायको वासंती हिने सुरतेला बहिणीला फोन लावला. उत्तर आलं: जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची, वर एक दुमडलेली सोलापुरी चादर. वासंतीने आपल्या घरातली तसलीच खुर्ची आणि तसलीच चादर टेम्पोत घालून दिली. मला वाटलं होतं गाडीची उंची गाडीवरून ठरते. अच्छाडच्या हायवेवर एक बाई जेवणाची खुर्ची गाडीच्या उघड्या दाराशी ठेवून, चादर दाबून, बोटं मोजत होती, आणि ट्रकांची रांग मान वळवून बघत होती.

"मूळ उंचीपेक्षा दोन बोटं खाली पाहिजे," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या सासऱ्याची अक्कल अगदीच चुकीची नव्हती. फक्त त्याने सात बोटं नेली. आणि रिकाम्या गाडीवर."

रिकाम्या गाडीवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. रिकामी गाडी लबाड असते, असं ती म्हणे. "कोण कुठे बसणार?" तिने विचारलं. नाना पुढे डावीकडे. वासंती मागे, ओटीचं सामान घेऊन. डिकीत पाण्याचा कॅन, नारळ, घडीच्या दोन खुर्च्या. ती प्रत्येकाचं वजन विचारे आणि तेवढी भाताची पोती त्या त्या जागी चढवे. नानांच्या जागी एक पोतं आणि वर थोडं. वासंतीच्या जागी एक.

"आणि तू?"

"बहात्तर," मी म्हटलं.

तिने वरून खालपर्यंत पाहिलं. "बहात्तर," ती जीवाकाकांना म्हणाली. काकांनी बहात्तर किलो चढवले. ते मान खाली घालून का हसले ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन दिवस त्या स्प्रिंगांचं काम चाललं. आख्खी स्प्रिंग लाल करायची, हव्या त्या उंचीला बसवायची, तेलात विझवायची, परत मंद धगीवर धरायची. मागचे पाटे उलगडून, एकेकाची कमान नव्याने काढून, मी टाकून दिलेल्यांच्या जागी नवे पाटे घालून पुन्हा बांधले. मग ती शॉकअपकडे वळली. नानांचे जुने शॉकअप तेल गळून मेलेले होते. गाडी दोन बोटं खाली आल्यावर ते लांबीलाही बसत नव्हते. ती मला घेऊन तलासरीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. चालत. पाच-सहा किलोमीटर तरी असेल. मी म्हटलं रिक्षा करू. ती म्हणाली, "नको."

दुकानदार तिला पाहून उभाच राहिला. तिने छोट्या टेम्पोचे अकरा शॉकअप खोक्यांतून काढायला लावले, प्रत्येक उभा धरून छातीने दाबला आणि सोडून दिला. वर येताना ती हळू आवाजात मोजत असे. "स्प्रिंग नाचते," मला म्हणाली. "शॉकअपचं काम तिला बस म्हणायचं. पण ओरडून नाही म्हणायचं. हा ओरडतो." तो बाजूला. "हा घाबरतो." तोही बाजूला. अकरांतून तिने चार घेतले. ते आमच्या गाडीच्या बोल्टवर बसावेत म्हणून लेथवर बुश, म्हणजे आत बसणाऱ्या नळ्या, करून घेतल्या आणि आम्ही पुन्हा चालत अच्छाडला आलो.

रिक्षा का नको, ते दुसऱ्या दिवशी कळलं. गाडी तयार झाली. मी चालवायला बसलो, बाकीच्यांच्या जागी पोती, आणि मासी मागे, वासंतीच्या पोत्याला कोपऱ्यात सरकवून. हातात प्लास्टिकची पिशवी.

"पिशवी कशाला?"

"मला गाडी लागते," मासी म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. चाळीस वर्षं गाड्यांचे पाटे करणारी बाई.

"कुठल्याही गाडीत?"

"वाईट गाडीत. चाल. तलासरीच्या नाक्यापर्यंत न्यायची. मला उलटी झाली नाही तर गाडी पास."

हीच तिची चाचणी होती. तिच्या पोटाइतकं नाजूक यंत्र पालघर जिल्ह्यात दुसरं नसावं. ट्रक तयार झाला की ती केबिनमध्ये बसे, पिशवी घेऊन. रस्त्यावरचे ड्रायव्हर एकमेकांना गाडी चांगली झाली का असं विचारत नसत. ते विचारत, "मासीला लागली का?" ह्या चाचणीसाठी तिने जन्मभर आपलं पोट पणाला लावलं होतं, आणि बाकी सगळीकडे ती चालत जाई. माहेरी उधव्यालासुद्धा.

आम्ही निघालो. मी हादरलो, कारण गाडी हादरत नव्हती. खड्डा आला की ती एकदा खाली वाकायची, वर यायची आणि तिथेच थांबायची. मी खुशीत आरशात पाहिलं. मासीचा चेहरा हिरवट झाला होता.

"थांब," ती म्हणाली. नाका अजून लांब होता.

रस्त्याच्या कडेला पिशवीचा उपयोग करून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, एक डोळा मिटला. गाडी उजवीकडे कललेली होती. माझ्या बाजूला.

"तुझं वजन किती म्हणालास?"

"बहात्तर."

तिने मला सरळ ट्रकांच्या वजनकाट्यावर न्यायला सांगितलं. तिथे रांगेत आमच्या पुढे दोन कंटेनर होते. मासीला बघून त्यांनी वाट दिली. गाडी काट्यावर चढवली. एकदा माझ्यासह, एकदा मला खाली उतरवून. काटेवाल्याच्या खिडकीवर माइक असतो, ड्रायव्हरांना वजन ऐकू जावं म्हणून. तो म्हणाला, "मासी, आमच्या काट्याला दहाच्या खालचं कळत नाही. पण फरक नव्वदचा आहे." हे माइकवर. मागचा एक सरदारजी ड्रायव्हर केबिनमधून उतरला आणि माझ्याशी हात मिळवून गेला.

"अठरा किलोसाठी माझं पोट बाहेर आलं," परतताना मासी म्हणाली. रागाने नाही. ज्या सुरात ती 'पाणी उतरलंय' म्हणे, त्याच सुरात. "तुझ्या जागी म्हातारा बसलेला असता तर? मणक्याचे टाके असलेला? रिकामी गाडी लबाड असते हे मला माहीत होतं. भरलेलीही असते हे आज कळलं."

उजव्या बाजूचं काम पुन्हा झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही तलासरीचा नाका ओलांडला, पुढे गेलो, आणि मागून काहीच आवाज येईना म्हणून मी पाहिलं तर मासी पोत्यावर डोकं टेकून झोपली होती. पिशवी मांडीवर, घडी न मोडलेली.

नाना आले. चैत्र पौर्णिमा झाल्यावर आम्ही विवळवेढ्याला गेलो. सगळा रस्ता मी स्टीअरिंग नाही, नानांचा चेहरा धरून चालवत होतो. चारोटीकडे जाताना खड्ड्यांसाठी जो पट्टा सगळ्यांना माहीत आहे तिथे वासंतीने देवीचं नाव घेतलं. नाना बाहेर बघत होते. देवळाच्या अलीकडे गाडी थांबवली, मी हात द्यायला पळत पलीकडे गेलो, तोवर नाना उतरून उभे होते. एकटे. त्यांनी वळून सीटकडे पाहिलं, पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा उठले.

"ही कुणी केली?" त्यांनी विचारलं. "ही माझ्या मापाने शिवलीय."

मी म्हटलं, शॉकअप गेले होते, म्हणून जरा काम करून घेतलं.

"मला त्या माणसाकडे न्या."

टाळायला मी बरंच काही बोललो. ऊन, अंतर, पाठ. नाना म्हणाले, पाठ माझी आहे. दर्शन घेऊन आम्ही हायवेने सरळ अच्छाडला गेलो.

मासी भट्टीवर होती. नाना गाडीतून आपले आपण उतरले ते तिने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती जवळ आली. नानांनी हात जोडले. तिनेही जोडले. मग म्हणाली, "काका, तुम्ही शिकलेले माणूस. स्प्रिंग कापतात का कुणी?"

माझ्या कानात भट्टीचा पंखा घुमायला लागला.

नाना तिच्याकडे पाहत राहिले. "स्प्रिंग?"

"दीड वेढा. गॅसने. ग्रिलवाल्याचं काम दिसत होतं." ती थांबली. चांगली थांबली. माझ्याकडे बघत नव्हती, पण थांबली होती. "मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दिसायला बसकी पाहिजे म्हणून." पुन्हा थांबली. "ह्या वयात शोभतं का हे?"

मी ढाब्यावरच्या पाटीवरची पदार्थांची यादी वाचत होतो. शेव-टमाटर. डाळ फ्राय.

"चुकलं," नाना म्हणाले.

मी यादी वाचायची थांबवली.

"हौस होती. चुकलं बाई. पुन्हा नाही होणार."

"बरं," मासी म्हणाली. "चहा घेणार?"

नानांनी चहा बशीतून घेतला. घोलवड आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "जावईबापू, दाढ भरून घ्या." एवढंच. त्या दिवसानंतर गाडीच्या स्प्रिंगांचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. सांगायचं म्हणून मी दहादा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो असेन. दर वेळी तिथे पोचल्यावर पेपर मागितला.

नाना पुढे अडीच वर्षं होते. प्रकृती चांगली झाली. अधूनमधून चिकूच्या टेम्पोत पुढे बसून हायवेच्या दिशेला जाऊन येत. कुठे जाता विचारलं तर म्हणत, "डॉक्टरने हिंडाफिरायला सांगितलंय." २०१८मध्ये, दिवाळीनंतर, दुपारी जेवून त्याच लाकडी खुर्चीत बसलेले असताना गेले.

मासीकडे मी पुन्हा गेलो तो २०१९च्या उन्हाळ्यात. डाव्या मागच्या पाट्याचा आवाज यायला लागला होता. भट्टी थंड होती. जीवाकाकांचा खांदा कायमचा गेला होता. घण उचलवत नव्हता. मासीच्या हातोडीबरोबर दुसऱ्या दोघा-तिघांनी घण मारून पाहिला. "मी टिक करते तिथे मारतात," ती म्हणाली. "पण टिक करायच्या आधी मारत नाहीत. माझा माणूस मारायचा." त्यामुळे तिने ठरवून टाकलं होतं. ट्रकवाले तसेही आता तयार पाटे घेतात. दोघं उधव्याला राहायला निघाली होती. सामान आणि काका सकाळच्या टेम्पोने पुढे गेले होते. ती भिंतीवरचे खिळे काढत होती.

"मी सोडतो," मी म्हटलं. "गाडी आहे."

ती क्षणभर गाडीकडे पाहत राहिली. मग 'बरं' म्हणाली. पिशवी घेतली नाही.

खिळ्यांवरच्या वस्तू तिने भंगारात दिल्या होत्या. फक्त एक जोडी जमिनीवर बाजूला ठेवलेली होती. दीड वेढा कमी असलेली. तिने पायाने ती माझ्याकडे सरकवली.

"तुझ्या घेऊन जा."

तुझ्या. ती साधेपणानेच म्हणाली होती. मी वाकलो, उचलल्या आणि वाकलेलाच राहिलो.

"मासी, त्या मी कापल्या होत्या."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कापलेल्या टोकाला गंज नव्हता. आठ दिवसांपूर्वीचं काम. सासरा दोन महिने सुरतेला, हे तूच सांगितलंस."

"मग त्या दिवशी नानांना का बोललात?"

"त्यांना कुठे बोलले? तुला बोलले. तीन वेळा थांबले मी. तू पाटी वाचत होतास." ती शर्टाची बाही खाली घेऊन बटण लावत होती. उजवीही. ती बाही मी कधी बंद पाहिली नव्हती. "तुझ्या सासऱ्यांनाही तेव्हाच कळलं. नंतर यायचे ते. चिकू घेऊन यायचे टेम्पोतून. तिथे बसायचे, ठोकण्याचा आवाज ऐकायचे. जाताना विचारायचे, बोलला का तुमच्याकडे? मी म्हणायची, नाही. तुमच्याकडे? ते म्हणायचे, माझ्याकडे पण नाही. मग हसायचे. म्हणायचे, बोलेल, माणूस वाईट नाही, जरा वेळ लागतो त्याला."

मी त्या स्प्रिंगा डिकीत ठेवल्या. डिकी दोनदा लावावी लागली.

आम्ही उधव्याकडे निघालो. ती पुढे बसली होती, नानांच्या जागी. दोन्ही तळवे मांडीवर, डोळे रस्त्यावर. मी एकेक खड्डा जपून घेत होतो, आणि तरी चुकलेच. तलासरीचा नाका गेला. पुढचे चढउतार गेले. तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला नाही. एका आंब्यापाशी तिने हात वर केला, मी थांबलो. आतल्या पायवाटेवर जीवाकाका उभे होते, न चालणारा हात पोटाशी धरून. ती सीटवरून सहज उठली. खुर्चीवरून उठावं तशी.

चार पावलं गेल्यावर ती वळली. गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली आणि एक डोळा मिटला. मी काच खाली केली. काहीतरी मोठं बोलेल असं वाटून मी स्टीअरिंगवरचे हात काढून घेतले.

"परत उजवीकडे कललीय," मासी म्हणाली. "वजन किती आता? आणि ह्या वेळी खरं सांग, जमाई."